सेकंदाला चार

दिवेलागण झाली की नीलकंठ बटणापाशी जाऊन उभा राही आणि म्हणे, "डोळे."

एवढंच. घरातली बाकीची तिघं जिथे असतील तिथे डोळे मिटून घेत. थोरला भाऊ रामकृष्ण कचेरीतून आणलेल्या कागदांवर पेन तसंच धरून, बकुळा वहिनी परातीतले हात तसेच ठेवून, आणि त्यांची मुलगी कमलिनी वहीवर मान घालून. ट्यूब दोन-तीनदा फडफडे, चोकमधून बारीक भुणभुण येई आणि प्रकाश ठरला की नीलकंठ म्हणे, "हं." मग सगळं पुन्हा सुरू होई. शेजारच्या शुक्लाइनने हे एकदा खिडकीतून पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं, की मराठी लोग बत्ती को हाथ नहीं जोड़ते, आँख मूँदते हैं. तिचा गैरसमज कोणी दूर केला नाही. उलट सगळ्यांना जरा बरंच वाटलं.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. कमलिनी अकरा वर्षांची असताना याच ट्यूबचा स्टार्टर बिघडला होता. ट्यूब संध्याकाळभर लुकलुकत राहिली आणि कमलिनी तिच्याखाली बसून भूगोलाचा नकाशा रंगवत राहिली. आधी तिच्या हातातली पेन्सिल थांबली. मग ती वाकडी होत फरशीवर पडली आणि तिचे पाय फरशीवर आपटायला लागले. नीलकंठ रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची वायरिंग बघायचा; स्टार्टर बदलणं हे त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम. सकाळी वहिनी म्हणाल्याही होत्या. तो उद्या बघू म्हणाला होता.

डॉक्टर जवळचे म्हटले तर ग्वाल्हेरला होते. पण ग्वाल्हेरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी कोण ओळखीचं येऊन बसेल याचा नेम नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनी आणि भिक्षुकी करत झाशीत आलेली ही घरं आता बोटांवर मोजावीत इतकी उरलेली. मुली द्यायच्या आणि आणायच्या त्या ग्वाल्हेर, सागर, इंदूर इथल्याच तशाच घरांत. एका स्वयंपाकघरातली गोष्ट आठवडाभरात दुसऱ्या गावातल्या स्वयंपाकघरात पोचायची. म्हणून त्यांनी कानपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी मिर्गी हा शब्द उच्चारला, गोळ्या लिहून दिल्या, लुकलुकणाऱ्या उजेडापासून मुलीला जपा म्हणाले. परतीच्या गाडीत वहिनींनी तो शब्द बदलून टाकला. घरात त्याला 'चक्कर' म्हणायचं ठरलं, आणि तोही फक्त चौघांत. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

नीलकंठने स्वतः लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कारखान्यातून आला की तो समारंभांना दिवे लावून देई. लग्न, नाटक, शाळेचं संमेलन, बरुआसागरच्या तळ्याकाठचा एखादा मेळा. गावात तो 'नीलू भैया लाइटवाले' होता. एखाद्या नटाच्या चेहऱ्यावर किती पिवळा आणि किती पांढरा उजेड टाकला म्हणजे तो वीस वर्षांनी थकलेला दिसेल, हे त्याला हातांनी कळायचं.

मग झाशीत स्ट्रोब आले. सिविल लाइंसमधल्या एका लग्नात दिल्लीवाल्यांनी लावलेला स्ट्रोब त्याने पहिल्यांदा पाहिला. काळोखात पांढरा झटका, काळोख, झटका. आणि नाचणारी माणसं जागच्या जागी गोठलेली, जणू एकामागून एक काढलेले फोटो. सगळी पोरं ओरडत होती. नीलकंठ भिंतीला पाठ लावून ते झटके मोजत होता. सेकंदाला दहा-बारा. त्या रात्री घरी येऊन तो जेवला नाही.

दोन वर्षं त्याने स्ट्रोब घेतला नाही. कामं जाऊ लागली. लोक म्हणायचे, बिजलीवाली बत्ती हो तो बताओ. शेवटी तो दिल्लीला गेला, आणि दुकानदार एकेक वस्तू काढत गेला तसा नाही म्हणत राहिला. हा फारच वेगाने चालतो. याला वेग बदलायची कळच नाही. याची काच उघडीच, तापली की कोणाचा तरी हात भाजेल. याला टांगायला एकच खिळा, वरून साखळी नाही. दुकानदार वैतागला.

"भैया, दुनिया तेज़ माँगती है, आप धीमी माँग रहे हो. बत्ती ले जा रहे हो कि बैलगाड़ी?"

"धीमी ही दीजिए," नीलकंठ म्हणाला.

त्याने आणलेला स्ट्रोब चालवायची त्याची एक रीत होती, आणि ती त्याने कुठल्याही गिऱ्हाइकासाठी मोडली नाही. घड्याळ समोर ठेवून दहा सेकंदांत चाळीस झटके, त्याहून एक जास्त नाही. सेकंदाला चार. एका वेळी आठ-दहा सेकंदच, मग बंद. दिवा माणसांच्या डोळ्यांवर कधीच रोखायचा नाही. उंच टांगून छताकडे किंवा मागच्या पडद्याकडे वळवायचा, म्हणजे उजेड परतून मऊ होऊन येतो. मंचावर एक साधा दिवा सतत चालू ठेवायचा, म्हणजे अगदी मिट्ट काळोखात झटके बसत नाहीत. उघडायचा झाला तर वायर काढून चांगला वेळ थांबायचं, कारण आतला कंडेन्सर बंद दिव्यातही वीज साठवून ठेवतो आणि माणसाला फेकून देतो. आणि हात सतत बटणावर.

शिवाय घोषणा. स्ट्रोब लावण्याआधी तो स्वतः माइकवर जाई आणि हिंदीत सांगे, की आता लुकलुकणारी बत्ती लागेल, ज्यांना मिर्गीचा त्रास असेल त्यांनी कृपा करून थोडा वेळ बाहेर जावं. लग्नांतले पाहुणे हसायचे. टहरौलीला एकदा एक म्हातारबाबा खरोखरच उठले. नीलकंठने धावत जाऊन त्यांचा हात धरला, तर ते म्हणाले, छोड़ बेटा, पेशाब लगी है. इतक्या वर्षांत दुसरं कोणी उठलं नाही. नीलकंठ मनाची समजूत घालायचा की उठण्यासारखं कोणी नसेलच. त्याला माहीत होतं की हे खोटं आहे. भर सभेत त्या शब्दावर कोण उठेल? त्याच्या घरातलं कोणी उठलं असतं का?

कमलिनी त्याच्या कार्यक्रमांना यायचीच नाही. डोकं दुखतं म्हणून घरी थांबायची. ती दिसायला नीटस होती, हिंदीत एम.ए. करत होती, गोळ्या घेत होती. सलग तीन वर्षं तिला चक्कर आली नव्हती. तेव्हा वहिनींनी ठरवलं, की आता वेळ झाली.

झाशीच्या मराठी घरांत तोवर मुलगी दाखवायची एक वेगळीच पद्धत पडली होती. मुलाकडच्यांना घरी बोलवायचं नाही. मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवायचं, 'अवश्य यावे' या शब्दांखाली एक रेघ ओढून. ती रेघ सगळ्यांना कळायची. पाहुणे यायचे, कार्यक्रम बघायचे, मुलगी जवळच कुठेतरी बसलेली असायची. पसंत पडली तर पुढचं पत्र. नाही पडली तर कार्यक्रम छान झाला, एवढंच. कोणाचा अपमान नाही. १९९४च्या डिसेंबरात वहिनींनी अशीच रेघ ओढून ग्वाल्हेरला आमंत्रण पाठवलं. मुलगा जनार्दन, बँकेत. त्याची आई अनुसूयाबाई. दोघं येतो म्हणाली.

त्याच कार्यक्रमात कॉलेजात शिकवणाऱ्या विद्याताईंनी मुलींची एक नृत्यनाटिका बसवली होती. बरुआसागरच्या तळ्यात वादळात सापडलेली नाव. सात मुली, सात वल्ही, आणि वादळासाठी नीलकंठचा स्ट्रोब. नीलकंठ त्यांच्याकडे गेला आणि या वर्षी स्ट्रोब नको म्हणाला.

"नीलूकाका, वादळ काय ट्यूबलाइटमध्ये आणू?" विद्याताई म्हणाल्या. "कारण तरी सांगा."

कारण त्याच्या जिभेवर होतं. त्याने घरी विचारलं होतं, विद्याला एकटीला सांगू का म्हणून, तर वहिनी पाठ न वळवता म्हणाल्या होत्या, "सांगा ना. म्हणजे मांडव घालायचा खर्च वाचेल." म्हणून त्याने सांगितलं, की दिव्याची नळी मरत चालली आहे, उजेड पडत नाही.

विद्याताई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्यांच्या भावाने ग्वाल्हेरहून दुसरा स्ट्रोब भाड्याने आणला. नीलकंठने तो उलटसुलट करून पाहिला. वेगाची कळ होती, टांगायला साखळी होती; खोड काढायला जागा नव्हती.

"तुमचाही अगदीच गेला नसेल ना?" विद्याताई म्हणाल्या. "मग दोन्हीकडून लावू. एका बाजूने लावला की मुलींचे अर्धे चेहरे काळे पडतात."

आता नाही म्हटलं असतं तर तो दिवा त्यांच्या भावाने चालवला असता, आणि त्याने कळ शेवटापर्यंत पिळली असती. नीलकंठ म्हणाला, दोन्ही बटणं माझ्याकडे राहतील. त्याने घड्याळ काढून नवा दिवा मोजला. दहा सेकंदांत चाळीस. मग आपला मोजला. चाळीस. दोन्ही छताकडे वळवले. मुली वेण्या घालायला गेल्या होत्या, दोन्ही एकत्र लावून बघायला वेळ राहिला नाही. तशी गरजही त्याला वाटली नाही. दोन्ही दिवे नियमात होते.

घरी त्याने दादा-वहिनींबरोबर बसून नीट ठरवलं. नावेच्या आधी तो घोषणा करील. घोषणा ऐकली की कमलिनी चहाचं बघते म्हणून मागच्या दाराने बाहेर जाईल आणि टाळ्या वाजल्यावर कपबशा घेऊनच आत येईल. उलट त्यात मुलगी कामसू दिसेल, असं वहिनींना वाटलं. कमलिनी ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "आणि लग्नानंतर, काका? तिथे कोण घोषणा करणार?"

दादा म्हणाले, "आधी होऊ तर दे."

सिविल लाइंसमधल्या शाळेचा हॉल होता. खिडक्यांना काळे पडदे, पुढे सतरंज्या, मागे लोखंडी खुर्च्या. तिसऱ्या रांगेत वहिनी, त्यांच्या शेजारी कमलिनी, मग अनुसूयाबाई, मग जनार्दन. मंचाच्या कडेला दिव्यांच्या बोर्डापाशी उभ्या असलेल्या नीलकंठला ती रांग नीट दिसत होती. अनुसूयाबाई मोठ्या बोलक्या होत्या. कमलिनी हसत होती. जनार्दन आईच्या पाठीमागून वाकून काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवून उत्तर देत होती. नीलकंठने आपल्या पुतणीला परक्या माणसांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्याने घोषणा केली, या वेळी मराठीतही. कमलिनी उठली. पदर सावरून दोन पावलं गेली असेल, तेवढ्यात अनुसूयाबाईंनी तिचा हात धरला.

"अगं, चहाला आहेत ना बायका. बस माझ्यापाशी. एवढी गंमत सोडून कुठे निघालीस?"

हात मायेने धरला होता, हे नीलकंठला लांबूनही दिसलं. कमलिनीने आईकडे पाहिलं. वहिनी हसून म्हणाल्या, "बस. एवढ्या म्हणताहेत तर." ती बसली. मग तिने मंचाच्या कडेला पाहिलं, त्याच्याकडे, आणि पापण्या मिटून दाखवल्या. मी डोळे मिटते, असं.

पखवाज सुरू झाला होता. पडद्याआडून विद्याताई हाताने खुणावत होत्या. तो दिवा लावला नसता तरी चाललं असतं. लोकांनी थोडी नावं ठेवली असती, एवढंच. हे त्याला पुढे बावीस वर्षं रोज दिसणार होतं. पण त्या वेळी त्याच्या मनात आलं ते असं, की सेकंदाला चार, आठच सेकंद, उजेड छतावरून, आणि तिचे डोळे मिटलेले. सगळं नियमात आहे. त्याने दोन्ही बटणं दाबली.

वल्ही हवेत गोठली. हॉलभर एकच हुंकार उठला. नीलकंठची नजर मंचावर नव्हती, छतावर होती, आणि तिथे काहीतरी चुकत होतं. दोन झटक्यांमधला काळोख सापडत नव्हता. दोन्ही दिवे आपापल्या तालाने चालले होते. एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा झटका येऊन बसत होता. चार आणि चार आठ होत होते. आयुष्यभर त्याने दिवा मोजला होता, दिव्यांची बेरीज केली नव्हती. एवढं कळायला त्याला पाच सेकंद लागले. त्याने दोन्ही बटणं ओढली आणि साधे दिवे लावले.

टाळ्या सुरू झाल्या. मग तिसऱ्या रांगेत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आणि टाळ्या त्या बाजूने थांबत थांबत हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

तो पोचला तेव्हा कमलिनी फरशीवर होती. खुर्चीची कड लागून तिचा पुढचा दात पडला होता. कोणीतरी हुंगवायला चप्पल घेऊन धावलं. अनुसूयाबाईंनी त्याला हाताने मागे सारलं, आपली शाल तिच्या डोक्याखाली घातली आणि तिला कुशीवर वळवलं. "काही हुंगवू नका. तोंडात काही घालू नका. थांबेल आपोआप," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीला हेच होतं, असं नंतर कळलं.

स्टेशनवर दादा आणि नीलकंठ त्यांना पोचवायला गेले. जनार्दन थोडा दूर उभा होता. अनुसूयाबाई नीलकंठला म्हणाल्या, "आजाराचं काही नसतं हो. आधी सांगितलं असतंत तर..." गाडी आली. पत्र आलं ते दोन ओळींचं होतं, त्यात योग नाही असं लिहिलं होतं. पुढे कोणत्याही वर्षी, कोणाच्याही नावाच्या आमंत्रणाखाली वहिनींनी रेघ ओढली नाही. गरजच राहिली नाही.

कानपूरचे जुने डॉक्टर वारले होते. नव्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, डोळे मिटले होते म्हणता, ते कोणी शिकवलं? मिटलेल्या पापणीतून उजेड आरपार जातो, ते म्हणाले, लाल होऊन जातो, आणि काहींना तर त्याने अधिकच त्रास होतो. एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि तोंड फिरवायचं, असं करायला हवं होतं. डॉक्टरांनी हे अगदी सहज सांगितलं. खोलीत घरची चौघंही होती, आणि बाकीच्या तिघांपैकी कोणीच नीलकंठकडे पाहिलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो बटणापाशी गेला आणि काही न बोलता परत फिरला. घरात अंधार तसाच राहिला. मग दादांनी उठून स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब लावला. ट्यूब दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

वहिनींनी त्याला कधी दोष दिला नाही. ताट वाढत, वाढू का विचारत नसत. आधी त्या गेल्या, मग दादा. कमलिनीने एका बालवाडीत सव्वा वर्ष शिकवलं. वर्गात एकदा चक्कर आली, तेव्हा मुलांच्या आया फाटकापाशी जमल्या आणि बालवाडीच्या मोठ्या बाईंनी तिला आराम करायला सांगितलं. तिने आराम केला. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या पाच. बोलताना तिचे शब्द सावकाश यायला लागले.

नीलकंठने आपला स्ट्रोब उघडून त्याचा एकेक भाग सुटा केला आणि भंगारात दिला. इतर दिवे लावत राहिला. त्याने मंडळासाठी एक कागद लिहिला: सगळ्या दिव्यांचे मिळून सेकंदाला चार, घोषणेत आजाराचं नाव घ्यायचं नाही, 'डोळ्यांना उजेडाचा त्रास होत असल्यास' असं म्हणायचं आणि सगळ्यांनाच पाच मिनिटं सुटी द्यायची, म्हणजे कोणाला एकट्याला उठावं लागणार नाही. सूचनाफलकावर तो कागद बरीच वर्षं होता. त्याच्यावर सहलीची, वर्गणीची, श्रद्धांजलीची पत्रकं लागत गेली. मग हातात मावणारे एलईडीचे स्ट्रोब आले. वरातींच्या गाड्यांवर तसे वीस वीस, प्रत्येकाचा ताल वेगळा. नीलकंठ रस्त्यात उतरून डीजेच्या पोरांना सांगायला जायचा. "दद्दा, किनारे हो जाओ, लग जाएगी," ती म्हणायची. लग्नसराईत कमलिनी मागच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून बसायची, एका डोळ्यावर तळहात धरून. लग्नसराई मोठी असते.

शेवटच्या वर्षांत घरात ती दोघंच होती. तो पंच्याहत्तरचा, ती पंचेचाळीसची. आठवड्याला एक-दोनदा तिला चक्कर यायची. आता दिव्याची गरज नव्हती, ती कशानेही यायची. ती आंघोळीला गेली की तो मोरीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसे आणि आत तांब्याचा आवाज चालू आहे ना ते ऐके. आवाज थांबला की हाक मारी. ती ओ देई.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही तो तसाच बसला होता. आत बराच वेळ तांब्याचा आवाज होता, मग थांबला. कमलिनीने हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. ती ओल्या केसांनी बाहेर आली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, मान थोडी दाराकडे कललेली.

भेटायला आलेल्या विद्याताईंनी तिला विचारलं, काही म्हणाले का गं शेवटी. कमलिनीने खूप वेळ आठवलं. मी आत जाताना म्हणाले, ती म्हणाली.

"कडी लावू नकोस. आणि टॉवेल राहिला बघ तुझा दोरीवर."